क्रीम हातावर लावून बघण्याआधी एवढं वाचा

आमच्या काउंटरवर रोज ऐकू येणारं वाक्य एकच: ‘भाऊ, हाई ते चिकट शे.’ कधी ते खरंही असतं. बहुतेक वेळा मात्र लावून बघण्याची रीत चुकलेली असते. मग घरी नेलेली बरणी चार दिवसांनी अर्धी वापरून परत येते. फोडलेली बरणी आम्ही परत घेत नाही, कारण आत बोट गेलेलं क्रीम दुसऱ्याला विकता येत नाही. त्यावरून दोघांचाही वेळ जातो, म्हणून हा कागद.

चूक अशी होते. टेस्टरच्या डब्या ओळीने मांडलेल्या असतात. पहिलं क्रीम मनगटावर चोळलं, नाही आवडलं, रुमालाने पुसलं, त्याच जागी दुसरं लावलं, मग तिसरं. तिसऱ्याची पाळी येईपर्यंत तिथे तिघांचा काला झालेला असतो. पहिल्यातलं ग्लिसरीन ओलसर चिकटपणा धरून असतं, दुसऱ्यातलं मेण वर बसलेलं असतं. रुमालाने यातलं काहीच पुरतं निघत नाही. तिसऱ्या बिचाऱ्याला त्वचा मिळतच नाही, आणि ‘हे मुरत नाही’ असा शिक्का त्याच्यावर बसतो. सकाळी चोपडलेलं खोबरेल किंवा कंपनीचं सनस्क्रीन हातावर असेल, तर पहिल्याच क्रीमची ही गत होते.

म्हणून आम्ही आधी हात धुवायला सांगतो. काही जणांना राग येतो, ‘आमचे हात काय घाण आहेत का?’ तसं नाही. साध्या साबणाने कोपरापर्यंत धुवा, टिपून घ्या, दहा मिनिटं बसा. पंखा आहे, माठातलं पाणी आहे. घामावर लावलेलं क्रीम नीट पसरत नाही, आणि मे महिन्यात उन्हातून थेट काउंटरवर आलेल्या हाताचा निकाल आम्ही धरतच नाही.

हाताची पाठ सोडा. तिथे लव असते, ऊन खाल्लेली कातडी असते. यावल-रावेरकडून केळीच्या बागेत राबून आलेल्या हाताचं तर विचारूच नका. कोपराच्या आतल्या बाजूने मनगटापर्यंतची गोरी, मऊ जागा घ्या. एका हातावर दोन जागा, दोन हातांवर चार. म्हणजे एका खेपेला चारच क्रीम, आणि प्रत्येकाला स्वतःची जागा.

क्रीम किती घ्यायचं? ज्वारीच्या टपोऱ्या दाण्याएवढं. आम्ही हे मनाने सांगत नाही. अमेरिकेतल्या एएसटीएम या संस्थेची क्रीम-लोशनचा स्पर्श पारखण्याची ई १४९० नावाची मार्गदर्शिका आहे. त्या रीतीने काम करणारी तरबेज माणसं हातावर दोन इंचांचं वर्तुळ आखून त्यात साधारण ०.०५ मिली, म्हणजे एक थेंबभर, क्रीम ठेवतात आणि सेकंदाला दोन फेरे या गतीने चोळतात. मुरतंय का हे बघायला १२० फेऱ्यांपर्यंत थांबतात. म्हणजे एक मिनिट. आपल्याकडे बोटभर क्रीम घेऊन पाच-सहा फेऱ्यांत निकाल लागतो!

चोळताना सुरुवातीला गार लागलं म्हणून खूश होऊ नका. त्वचेला ओलं कळणारी वेगळी यंत्रणाच नाही. गारवा आणि स्पर्श यांवरून मेंदू ओलेपणाचा अंदाज बांधतो. क्रीममधलं पाणी उडतं तेव्हा गार वाटतं, एवढंच. मधेच पांढऱ्या रेघा उठल्या तर क्रीम खराब आहे असंही नाही. चोळताना हवा मिसळून फेसाळ झालेला तो थर असतो, आणखी थोडं चोळलं की बहुधा जातो. खरी परीक्षा त्यानंतर. दहा-पंधरा मिनिटांनी दुसऱ्या हाताचं बोट हलकेच टेकवून उचला. बोट ओढल्यासारखं वाटलं तर चिकट, सरकलं तर तेलकट. या दोन वेगळ्या तक्रारी आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे. चिकट वाटलं तर कमी ग्लिसरीनचं दाखवू, तेलकट वाटलं तर हलकं लोशन.

आमच्याकडे नवा घाणा निघाला की आम्हीही असंच तपासतो. डब्यांवर नाव न लिहिता तीन आकडी नंबर टाकतो, कारण वर ‘चंदन’ दिसलं की हात आपोआप मऊ वाटायला लागतो. वासाचं मत वेगळं विचारतो. तुम्हीही घरी डोळे मिटून दोन क्रीम लावून बघा, आवड बदललेली दिसेल.

आता ज्याला सगळे चिकट म्हणतात ते आमचं पिवळ्या झाकणाचं क्रीम. त्यात मधमाशीचं मेण आणि कोकम तेल आहे. ते चेहऱ्यासाठी नाहीच. डिसेंबरात पहाटेच्या थंडीत पाणी भरायला जाणाऱ्याच्या भेगाळ टाचांसाठी आहे. त्याला मुरायचं नाही, वर बसून राहायचं आहे. उन्हाळ्यात ते चेहऱ्याला लावून तक्रार केली तर आम्ही काय करणार? उन्हाळ्याला हिरव्या झाकणाचं लोशन घ्या, ते स्वस्तही आहे.

गाडीच्या डिकीत बरणी ठेवू नका. भुसावळ-जळगावच्या उन्हात आतलं तूप-तेल वितळतं आणि सावकाश थिजताना कणीदार होतं. मग हाताला रवाळ लागतं. पाणी वेगळं सुटलं असेल तर वापरू नका.

आणखी एक. हाताला छान लागलं म्हणजे सोसेलच असं नाही. ज्यांना पुरळ उठतं त्यांनी कोपराच्या आत थोडं लावून एक-दोन दिवस वाट बघावी, मगच चेहऱ्याला लावावं.

एवढा वेळ नसेल तर चार-पाच वेळा पुरेल एवढी छोटी पुडी मागा. पुडीचे पैसे मोठ्या बरणीच्या बिलात वळते करून देतो. बाजाराच्या दिवशी टेस्टर काउंटरवर नसतात, गर्दीत हात धुवायला जागा राहत नाही. त्या दिवशी पुडीच घेऊन जा.