आमच्या सोडतीमागची मूळ संख्या

पार्किंगच्या जागांसाठी आमची सोडत-प्रणाली वापरणाऱ्या गृहनिर्माण संस्थांचे सभासद संगणक नावे कशी काढतो असे नेहमी विचारतात, आणि ते विचारणे योग्यच आहे. ही प्रणाली २,१४,७४,८३,६४७ या संख्येवर उभी आहे.

ही संख्या म्हणजे २ चा ३१ वा घात वजा १ होय. ती मूळ असल्याचे ऑयलर या गणितज्ञाने सिद्ध केले व ते १७७२ मध्ये प्रसिद्ध झाले. एरवी ४६,३४० पर्यंतच्या प्रत्येक मूळ संख्येने भागून पाहावे लागले असते. परंतु हिला मूळ भाजक असलाच तर त्याला २४८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ६३ च उरेल, हे ओळखल्यामुळे त्याचे बरेचसे श्रम वाचले.

सोडतीत आरंभी एक संख्या घेतली जाते, तिला १६,८०७ ने, म्हणजे ७ च्या पाचव्या घाताने, गुणले जाते, गुणाकाराला वरील मूळ संख्येने भागून उरलेली बाकी ही पुढची संख्या ठरते आणि हीच क्रिया पुन्हा पुन्हा केली जाते. भाजक मूळ असल्यामुळे बाकी कधीही शून्य येत नाही. मात्र सर्व संख्या फिरून येण्यासाठी गुणकही पारखून घ्यावा लागतो. भाजकातून १ वजा केल्यावर जी संख्या उरते तिचे मूळ अवयव २, ३, ७, ११, ३१, १५१ आणि ३३१ आहेत; यांपैकी प्रत्येकासाठी तपासणी केली असता १६,८०७ खरा उतरतो, म्हणून १ पासून २,१४,७४,८३,६४६ पर्यंतची प्रत्येक संख्या नेमकी एकदा येऊन गेल्यावरच चक्र पूर्ण होते. १९८८ मध्ये पार्क आणि मिलर यांनी याच जोडीची शिफारस केली होती. चाळीस नावे असतील तर त्या चक्रातील ५,३६,८७,०९१ किंवा ५,३६,८७,०९२ संख्या प्रत्येक नावाच्या वाट्याला येतात. हा एकाचा फरक आम्ही नगण्य मानतो.

या पद्धतीला दोन मर्यादा आहेत. आरंभसंख्या ज्याला ठाऊक आहे त्याला पुढचा सगळा क्रम कागदावरही काढता येतो, म्हणून ही पद्धत पासवर्डसाठी मुळीच वापरू नये, आणि सोडतीची आरंभसंख्या आम्ही कधीही कार्यालयातून आणत नाही. ती सभेत सर्वांसमोर बारा वेळा फासा टाकून ठरते. बारा फेकींतून २,१७,६७,८२,३३६ शक्यता निर्माण होतात, म्हणजे गरजेपेक्षा थोड्या जास्त, आणि जास्तीची फेक आल्यास फासा पुन्हा टाकावा लागतो.

दुसरी मर्यादा क्रमांच्या संख्येची आहे. तेरा नावे ६,२२,७०,२०,८०० प्रकारे मांडता येतात, पण एका आरंभसंख्येतून एकच क्रम निघत असल्याने त्यांतील बहुतेक क्रम कधीच येणार नाहीत. यासाठी मोठ्या यादीत दर पाच नावांनंतर आम्ही नवी आरंभसंख्या घेतो. चाळीस सभासदांतून पहिली पाच नावे ७,८९,६०,९६० प्रकारे निघू शकतात, आणि तेवढे आमच्या चक्रात सहज बसते. सभा त्यामुळे लांबते, हे आम्हांला मान्य आहे.

आपल्या संगणकावरील प्रणाली बदललेली नाही ना, हे आपण स्वतः तपासू शकता. आरंभसंख्या १ द्यावी. पहिली संख्या १६,८०७, दुसरी २८,२४,७५,२४९ आणि दहा हजारावी १,०४,३६,१८,०६५ यायला हवी. यांत एका अंकाचाही फरक आढळल्यास सोडत घेऊ नये व आम्हांला कळवावे.