पाठवला म्हणजे पोचला असं नाही

प्रोग्राममध्ये मेसेज पाठवणं म्हणजे जेमतेम एक ओळ: सेंड. ओळ चालली, एरर आली नाही, प्रोग्राम पुढे गेला. या क्षणी तो मेसेज नेमका कुठे आहे? समोरच्या सर्व्हरवर, वाटेत, की अजून आपल्याच मशीनच्या मेमरीत? हा प्रश्न बहुतेकांना पहिल्यांदा पडतो तो मेसेज हरवल्यावर. मलाही तेव्हाच पडला.

रात्री चालणारा एक लहानसा प्रोग्राम होता. फाइल वाचायची आणि प्रत्येक ओळीचा मेसेज करून काफ्काकडे, म्हणजे मेसेज साठवून पुढे पोचवणाऱ्या प्रणालीकडे, पाठवायचा, एवढंच त्याचं काम. पण रोज शेवटचे काही मेसेज गायब व्हायचे आणि लॉगमध्ये त्याबद्दल अवाक्षर नसायचं. दोन दिवस आम्ही नेटवर्कवर संशय घेत राहिलो, आणि चूक निघाली आमच्याच कोडमध्ये. काफ्काचं सेंड मुळातच असिंक्रोनस, म्हणजे उत्तरासाठी न थांबणारं, आहे. ते मेसेज बफरमध्ये, म्हणजे मेमरीतल्या तात्पुरत्या जागेत, ठेवून लगेच परत येतं, आणि तिथून तो उचलून नेटवर्कवर टाकायचं काम दुसराच एक थ्रेड, म्हणजे त्याच प्रोग्राममध्ये समांतर चालणारा कामाचा धागा, मागच्या मागे करत असतो. आमचा मुख्य थ्रेड शेवटची ओळ बफरमध्ये टाकून थेट बाहेर पडत होता, आणि प्रोग्राम संपला की बफरमधले मेसेजही त्याच्याबरोबर जात होते. बाहेर पडण्याआधी ‘फ्लश’ घातलं, म्हणजे बफर रिकामा होऊन उत्तरं येईपर्यंत थांब असं सांगितलं, आणि मेसेज हरवायचे थांबले.

मग सरळ सिंक्रोनसच का पाठवू नये? तिथे थ्रेड मेसेज देतो आणि ब्रोकरकडून, म्हणजे मेसेज सांभाळणाऱ्या सर्व्हरकडून, पोच येईपर्यंत जागचा हलत नाही. समजायला सोपं, क्रमही आपोआप टिकतो. पण हिशेब करून बघा. जाऊन-येऊन 2 मिलिसेकंद लागत असतील, तर एकेक मेसेज पाठवणारा थ्रेड सेकंदाला 500 च्या वर जाऊच शकत नाही, प्रोसेसर कितीही वेगवान आणा. एक लाख मेसेजना 200 सेकंद लागतील, आणि त्यातला बहुतेक वेळ नुसती वाट बघण्यात जाईल. ब्रोकर हजार किलोमीटरवर असेल तर आणखी कठीण. फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर जातो, त्यामुळे जाण्यायेण्यातच 10 मिलिसेकंद गेले. उरले सेकंदाला 100 मेसेज.

ही अडचण नेटवर्कइतकीच जुनी आहे. इंटरनेटचा पूर्वज असलेल्या अर्पानेटमध्ये सुरुवातीला एका लिंकवर मेसेज पाठवला, की ‘पुढच्यासाठी तयार’ असा निरोप परत आल्याशिवाय त्याच लिंकवर दुसरा पाठवता येत नसे. विंट सर्फ आणि बॉब कान यांनी 1974 मध्ये जो प्रोटोकॉल, म्हणजे डेटा पाठवण्याचे नियम, मांडला, त्यात पोच यायच्या आधीच ठरावीक मर्यादेपर्यंत डेटा वाटेला लावायची सोय होती. असिंक्रोनस पाठवण्यात हेच होतं. पोच तशीच येते, फक्त तिच्यासाठी कुणी ताटकळत बसत नाही. ती आली की आधीच देऊन ठेवलेला कॉलबॅक, म्हणजे उत्तर आल्यावर चालवायचा कोड, चालतो. शिवाय एकाच ठिकाणी जाणारे मेसेज एकत्र बांधून एका खेपेत पाठवता येतात आणि अशा अनेक खेपा एकाच वेळी वाटेत असू शकतात. वेगातला मोठा फरक इथे पडतो.

म्हणून ‘सिंक्रोनस म्हणजे सुरक्षित, असिंक्रोनस म्हणजे वेगवान’ ही सरधोपट वाटणी मला घातक वाटते. थांबायचं की नाही हा एक प्रश्न, आणि पोच कधी द्यायची हा अगदी वेगळा. काफ्कात दुसरा प्रश्न ‘अॅक्स’ या सेटिंगने ठरतो. ते 0 असेल तर ब्रोकर पोच देतच नाही, मग थांबून मिळणार काय? 1 असेल तर मुख्य ब्रोकरने लिहून घेतलं की पोच येते. त्यानंतर मेसेजच्या प्रती ठेवणाऱ्या इतर ब्रोकरनी प्रत घेण्याआधीच तो ब्रोकर बंद पडला, तर तुम्ही इमानेइतबारे थांबून पोच घेतलेला मेसेजही जाऊ शकतो. ‘ऑल’ असेल तर त्या वेळी बरोबरीने चालणाऱ्या सगळ्या प्रतींमध्ये मेसेज उतरल्यावरच पोच मिळते.

आणि पोच आलीच नाही तर? टाइमआउटचा अर्थ ‘मेसेज पोचला नाही’ असा नसतो. मेसेज वाटेत हरवला असेल, किंवा मेसेज नीट पोचून पोचच वाटेत हरवली असेल. पाठवणाऱ्याला दोन्हींतला फरक कळायला मार्ग नाही. संगणकशास्त्रज्ञ जिम ग्रे यांनी 1978 मध्ये याच पेचाला दोन सेनापतींचं रूप दिलं. त्यांचे जासूस वाटेत पकडले जाऊ शकतात, त्यामुळे कितीही निरोप-उलटनिरोप झाले तरी एकत्र करायच्या हल्ल्याच्या वेळेबद्दल दोघांचीही पूर्ण खात्री कधीच होत नाही. मग पुन्हा पाठवावं लागतं, आणि पुन्हा पाठवलं की तोच मेसेज दोनदा नोंदला जाण्याचा धोका आलाच. यावर काफ्काचा उपाय मला फार आवडतो. पाठवणाऱ्याला एक ओळख आणि त्याच्या मेसेजना क्रमांक द्यायचे, म्हणजे आधी आलेला क्रमांक पुन्हा आला की ब्रोकर तो दुसऱ्यांदा लिहीत नाही.

असिंक्रोनसची दुसरी बाजू सहसा भार वाढल्यावर दिसते. ब्रोकर मंदावला की बफर भरत जातो. जावाच्या काफ्का क्लायंटमध्ये तो मुळात 32 एमबीचा असतो. तो भरला की सेंडही अडून बसतं, जास्तीत जास्त 60 सेकंद. तोवर जागा झाली नाही तर एरर. कधीही न थांबणारं म्हणून निवडलेलं सेंड नेमकं गर्दीच्या वेळी थांबतं.

काफ्कासारख्याच रॉकेटएमक्यू या प्रणालीमध्ये सिंक्रोनस आणि असिंक्रोनसच्या जोडीला ‘वन-वे’ हा तिसरा प्रकार आहे: पाठवायचं आणि विसरून जायचं. एखादा हरवला तरी चालेल अशा लॉगच्या नोंदींसाठी तो अगदी योग्य. पण वापरणाऱ्याला ‘तुमची नोंद झाली’ असं सांगायचं असेल, तर ते वाक्य पोच आल्यावरच पडद्यावर जावं. त्यासाठी थ्रेड अडवून ठेवायची गरज नाही, ते वाक्य कॉलबॅकमधूनही पाठवता येतं. दुसऱ्याचा कोड तपासताना मी आता सगळ्यात आधी कॉलबॅक उघडून बघते. तिथे अपयशासाठी एकही ओळ लिहिलेली नसेल, तर पोच येते खरी, पण ती ऐकायला कुणीच नसतं.