बिर्रियाची पार्श्वभूमी: बोकड गेला, पाणी वाढलं

गेली काही वर्षं मोबाइलवर फिरणारा तो व्हिडिओ बहुतेकांनी पाहिला असेल. तव्यावर लालभडक झालेला टॅको (म्हणजे सारण भरून दुमडलेली मेक्सिकन पोळी) किंवा रोल, आत बीफ आणि वितळलेलं चीज, शेजारी कपात गरम रस्सा, आणि रश्शात बुचकळून घेतलेला पहिला घास. याला आज सरसकट ‘बिर्रिया’ म्हणतात. बिर्याणीशी तिचा संबंध नाही. ‘केसाबिर्रिया’ या जोडनावातल्या ‘केसा’चाही केसांशी नाही, स्पॅनिशमध्ये चीजला केसो म्हणतात. गंमत अशी की या कागदी थाळीतल्या बीफ आणि चीज या दोन्ही गोष्टी मूळ बिर्रियात नव्हत्या, आणि रस्सा होता तो या रूपात नव्हता.

मूळ म्हणजे पश्चिम मेक्सिकोतलं हालिस्को राज्य. मेक्सिकोत बकऱ्या आल्या त्या सोळाव्या शतकात, स्पॅनिश लोकांबरोबर. पुढची दंतकथा अशी: बकऱ्या वाढल्या, शेतं खाऊ लागल्या, राठ आणि वासाच्या म्हाताऱ्या जनावरांचं मांस स्पॅनिश लोक खाईनात, ते त्यांनी स्थानिकांकडे सरकवलं. स्थानिकांनी ते मिरच्यांच्या वाटणात मुरवून, जमिनीतल्या खड्ड्यात पुरून मऊ केलं. स्पॅनिशमध्ये ‘बिर्रिया’चा एक अर्थ टाकाऊ, कवडीमोलाची वस्तू असा आहे, म्हणून हे नाव. गोष्ट सांगायला छान आहे. पण पुराव्याच्या बाबतीत ती आपल्याकडच्या ‘अमुक राजाच्या खानसाम्यानं तमुक रात्री’ छापाच्या कथांच्याच पंगतीत बसते. खड्ड्यात मांस शिजवणं स्पॅनिश येण्याआधीपासून तिथे होतं आणि बकऱ्या नंतर आल्या, एवढं धरून पुढे जाऊ.

वाटणाबद्दल मात्र मराठी वाचकासाठी थोडं थांबायला हवं. त्याला अदोबो म्हणतात: सुक्या मिरच्या भिजवून वाटायच्या, त्यात लसूण, व्हिनेगर, जिरं, ओरेगानो, लवंग, दालचिनी, कुणी आलंही घालतं. मांस व्हिनेगर-लसणात मुरवण्याची ही रीत आयबेरियन द्वीपकल्पातली, म्हणजे स्पेन-पोर्तुगालकडची. तीच स्पॅनिश जहाजांतून पश्चिमेला मेक्सिकोत गेली आणि पोर्तुगीज जहाजांतून पूर्वेला गोव्यात आली. गोव्यात वाइनच्या जागी माडीचं व्हिनेगर आलं, अमेरिकेतून आलेली मिरची पडली आणि विंदालू झालं. मेक्सिकोत मिरची घरचीच होती. म्हणजे बिर्रिया आणि विंदालू ही लांबची चुलत भावंडं. इकडून तिकडे गेलेलंही काही आहे: लवंग-दालचिनीसारखे आशियाई मसाले 1565 ते 1815 या काळात मनिलाहून अकापुल्कोला जाणाऱ्या गलबतांनी मेक्सिकोत पोहोचत होते. बिर्रियात मुख्य मिरच्या ग्वाहीयो आणि आंचो. दोन्ही रंगाला चढ्या, तिखटाला बेताच्या. आपल्याकडे बेडगी ज्या कामाला वापरतात त्याच कामाच्या.

हालिस्कोतल्या जुन्या पद्धतीत मुरलेलं मांस मोठ्या भांड्यात, जाळीवर, तळाशी थोडंसंच पाणी ठेवून रचतात. झाकणाची फट मक्याच्या पिठानं लिंपतात. दम बिर्याणीला कणीक लावतात तसं. मांस वाफेवर शिजतं, त्याचा रस तळाशी गळतो. तो रस टोमॅटोच्या सालसात मिसळून वाडग्यातल्या मांसावर ओततात, वर कांदा-कोथिंबीर आणि लिंबू, बाजूला टॉर्टिया, म्हणजे तिकडची पातळ पोळी. काही ठिकाणी मांस शेवटी भट्टीत खरपूस करून घेतात. लग्नाला, नाताळला, आणि आदल्या रात्रीची उतरवायला रविवारी सकाळी खायचा हा पदार्थ. ग्वादालाहारा शहरात नुएवे एस्किनास, म्हणजे ‘नऊ कोपरे’, नावाची एक वस्ती बिर्रियाच्या खाणावळींसाठीच ओळखली जाते. इथे रस मोजका असतो. तो मांसाचा अर्क आहे, पिण्याचं पेय नाही.

इथून गोष्ट दोन हजार किलोमीटर वायव्येला जाते, तिहुआनाला.

तिहुआना हे सीमेवरचं शहर, पलीकडे कॅलिफोर्निया. 1920 ते 1933 या अमेरिकेतल्या दारूबंदीच्या काळात ते फुगलं. पुढे 1942 ते 1964 या काळात मेक्सिकन शेतमजुरांना अमेरिकेत हंगामी कामावर नेणारा करार चालू होता, तेव्हा उत्तरेकडे जाणाऱ्यांची, परत येणाऱ्यांची आणि मध्येच अडकून राहणाऱ्यांची तिथे रीघ लागली. ही माणसं हालिस्को, मिचोआकान, पुएब्ला अशा ठिकाणची. त्यांनी आपापलं खाणं बरोबर आणलं. बीफच्या बिर्रियाचं श्रेय सहसा 1950 च्या सुमारास तिथे आलेल्या एका टॅकोवाल्याला देतात, आणि तो हालिस्कोचा नव्हे, पुएब्लाचा. त्यानं बोकडाऐवजी बीफ घेतलं. कारण बहुधा किंमतच असणार. उत्तर मेक्सिको हा गुराढोरांचा मुलूख आहे, तिथे बीफ हे रोजचं मांस. त्याच्या भांड्यात पाणी जास्त घातलं गेलं, रस पातळ आणि भरपूर झाला, आणि गिऱ्हाइकं तो वेगळा मागू लागली, असंही सांगतात.

या बदलावरचा वाद अजून मिटलेला नाही. हालिस्कोच्या अभिमान्यांचं म्हणणं सरळ आहे: बिर्रिया म्हणजे बोकड. बीफ घातलं की ते मसालेदार बीफ, नाव दुसरं शोधा. तिहुआनावाले म्हणतात, वाटण तेच, मंद आच तीच, मग नाव का बदलायचं? पहिल्या बाजूचा मुद्दा कमजोर करणारी एक गोष्ट खुद्द भाषेतच आहे. मेक्सिकोत नुसतं ‘बिर्रिया’ म्हणून भागत नाही. ‘बिर्रिया दे चिवो’ म्हणजे बोकडाची, ‘दे बोर्रेगो’ म्हणजे मेंढीची, ‘दे रेस’ म्हणजे बीफची, असं सांगावं लागतं. नावातच बोकड असता तर पुन्हा ‘बोकडाची’ म्हणण्याची गरज पडली नसती. आपण ‘मटणाचा रस्सा’, ‘अंड्याचा रस्सा’ म्हणतो, कारण रस्सा ही रीत आहे, तसंच. हालिस्कोच्या शेजारच्या राज्यांत मेंढीची बिर्रिया सर्रास होते, तिच्यावर कुणी डोळे वटारत नाही. राग बीफवर आहे, आणि त्यात मांसापेक्षा सीमेवरच्या ‘बाटग्या’ शहराबद्दलची अढी जास्त असावी असं मला वाटतं.

पण या भांडणात खरा बदल बाजूलाच राहतो. प्राणी बदलला हे सगळे सांगतात. पाणी वाढलं याकडे फारसं कुणी बघत नाही. पाहुणे आले की आमटीत पाणी वाढवायचं हे आपल्या घरांना नवं नाही. तिहुआनात ते धंद्याचं सूत्र झालं. वाफेवरचं मांस आता रश्शात बुडून शिजू लागलं. बीफचे पायाकडचे, गालाचे, खांद्याचे तुकडे, ज्यांत शिरा आणि चिकट ऊती भरपूर असतात, ते तीन-चार तास उकळले की जिलेटिन सुटून रस्सा ओठांना चिकटण्याइतका दाट लागतो. वर चरबीचा जाड थर येतो, आणि तो लाल असतो, कारण मिरचीतली लाल रंगद्रव्यं पाण्यात नाही, चरबीत विरघळतात. नागपूरकर याला तर्री म्हणतील, कोल्हापूरकर कट. मिसळीवाल्याला हे शास्त्र समजावून सांगावं लागत नाही.

हाच तवंग पुढच्या सगळ्या प्रकाराचा पाया आहे. टॉर्टिया त्यात बुडवून तापलेल्या लोखंडी तव्यावर टाकली की ती लाल होते, कडा कुरकुरीत होतात आणि वेगळं तेल लागत नाही. हालिस्कोच्या भांड्यात इतका तवंग सुटला नसता. बोकडाच्या मांसात चरबी कमी, हे मटण शिजवणाऱ्याला माहीत आहे.

आता ‘कोन्सोमे’ या शब्दाचा गुंता. कपातल्या रश्शाला तिकडे हेच नाव आहे. शब्द फ्रेंच, फ्रेंच स्वयंपाकात कोन्सोमे म्हणजे अंड्याच्या पांढऱ्या बलकानं गाळ ओढून घेऊन केलेलं आरपार स्वच्छ सूप. मेक्सिकन कोन्सोमेतून वाटीचा तळ दिसत नाही. मध्य मेक्सिकोत खड्ड्यात मेंढी भाजताना खाली पातेलं ठेवतात, त्यात गळलेल्या रसात हरभरे, तांदूळ, भाज्या शिजतात. त्यालाही कोन्सोमेच म्हणतात. हालिस्कोत तोच शब्द कधी रसाला, कधी सूपला. म्हणून इंटरनेटवर ‘अस्सल कोन्सोमे कसा असतो’ असा प्रश्न दिसला की आधी विचारावं, कुठला? इंग्रजी पाककृतींत याचं ‘डिपिंग ब्रॉथ’ झालं आणि त्यात आणखी एक अर्थ हरवला. कोन्सोमे आधी पितात. लिंबू पिळून, कांदा-कोथिंबीर टाकून, चमच्यानं किंवा थेट कप तोंडाला लावून. बुडवणं नंतरचं. पांढरा रस्सा आधी वाटीनं पिणाऱ्याला यात नवल वाटणार नाही. पण ज्यांना तो चटणीसारखा ‘डिप’ वाटतो ते त्यात मीठ-मसाला इतका घट्ट करतात की दोन घोटांनंतर पिववत नाही.

चीज यात सगळ्यात शेवटी आलं, या शतकात. तिहुआनाच्या गाड्यांवर टॉर्टिया, चीज आणि मांस तव्यावर एकत्र करण्याचे प्रकार आधीपासून होते. त्यांतलं एखादं भरण बिर्रियाचं करणं ही फार मोठी उडी नव्हती. वितळलेलं चीज दोन कामं करतं: सुटं मांस धरून ठेवतं, आणि रश्शात बुडवल्यावर आतून ओल लवकर झिरपू देत नाही. मूळ पसंती मेक्सिकोतल्या वाहाका राज्याच्या पद्धतीच्या तारवाल्या चीजला. अमेरिकेत तिथे मोंटेरे जॅक किंवा मॉझरेला पडतं.

सीमा ओलांडून लॉस एंजेलिसला पोहोचल्यावर वेग बदलला. त्या शहराला बीफ रसात बुडवून खायची सवय जुनीच होती. भाजलेल्या बीफचं ‘फ्रेंच डिप’ सँडविच तिथे विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून मिळतं, आणि ते आधी कुणी केलं यावर दोन जुनी उपाहारगृहं वर्षानुवर्षं भांडत आली. (त्यात फ्रेंच काही नाही. मेक्सिकन कोन्सोमेसारखंच.) 2015 नंतर तिथे नुसत्या लाल टॅकोंच्या गाड्या दिसू लागल्या. 1 जानेवारी 2019 पासून कॅलिफोर्नियात पदपथावर विक्री करणं हा फौजदारी गुन्हा राहिला नाही. याचा उल्लेख खाण्याच्या लेखांत क्वचित येतो, पण गाडी जप्त होण्याची आणि खटल्याची भीती कमी झाली की माणूस रोज एकाच कोपऱ्यावर उभा राहू शकतो, आणि गिऱ्हाईक त्याला शोधत येऊ शकतं. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात, रेल्वेच्या पुलाखालच्या रस्त्यावर, एक बिर्रियाचा ट्रक उभा राहिला आणि काही महिन्यांत मोठ्या वृत्तपत्रांचे समीक्षक तिथे रांगेत दिसले.

मग 2020. उपाहारगृहं बंद, नोकऱ्या गेलेल्या, मोबाइल हातात. घरून बिर्रिया विकणाऱ्यांची संख्या वाढली, आणि चीजची तार ताणली जाण्याचे ते तीन सेकंद छोट्या व्हिडिओंसाठी जणू घडवलेलेच होते. बिर्रियाच्या रश्शात रामेनच्या शेवया घालण्याची कल्पना त्याआधीच मेक्सिको सिटीत निघाली होती, तीही याच लाटेत पसरली. 2023 मध्ये एका मोठ्या अमेरिकन साखळीनं बीफ आणि चीजचा, बुडवून खायचा टॅको देशभर विकायला काढला. नावात ‘बिर्रिया’ हा शब्द नव्हता. बोकडवाल्यांना हवं होतं तेच झालं म्हणायचं, फक्त वेगळ्या कारणानं.

रोलचं प्रकरण याच घरगुती टप्प्यातलं. दुमडलेला टॅको अरुंद कपात नीट बुडत नाही, गुंडाळलेला बुडतो. शिवाय ट्रेमध्ये शेजारी शेजारी रचून ओव्हनमध्ये एकदम वीस होतात. अडचण टॉर्टियाची. चुन्याच्या पाण्यात शिजवलेल्या मक्याची टॉर्टिया थंड असताना गुंडाळली की तडकते. तवंगात बुडवून गरम असतानाच वळावी लागते. मैद्याची सहज वळते, पण रश्शात लगेच लिबलिबीत होते. अमेरिकी पाककृती बहुतेक मैद्याची सुचवतात, आणि खाली प्रतिक्रियांत ‘रोल विरघळला’ ही तक्रार ठरलेली.

महाराष्ट्रात हा पदार्थ आला तेव्हा प्राण्याचा प्रश्न कायद्यानं आधीच सोडवलेला होता. गायीबरोबर बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी घालणारी 1995 ची दुरुस्ती 2015 मध्ये लागू झाली. म्हैस-रेडा त्यात नाही, पण मेन्यूवर ‘बफ’ लिहायला बरेच हॉटेलवाले बिचकतात. त्यामुळे मुंबईत बिर्रिया टॅको मिळतो तो बहुधा मटणाचा, नाहीतर चिकनचा, नाहीतर फणसाचा. अमेरिकेत बीफ न खाणारी मराठी मंडळीही हलाल दुकानातून बकऱ्याचं मटण आणून हेच करतात. हालिस्कोचा बोकड असा परत आला, पण तिहुआनाच्या पाण्यासकट, कारण कपातला रस्सा नसेल तर गिऱ्हाईक विचारतं. मटणाचा तवंग पातळ सुटतो, टॉर्टिया लाल व्हायला पुरत नाही. म्हणून बेडगीचं वाटण आधी तेलात परतून, तेल सुटलं की त्यातलं वाटीभर वेगळं काढून ठेवतात.