जीपीआयबी आणि लिनक्स: ड्रायव्हरच्या तक्रारींमागचा इतिहास

प्रयोगशाळेतल्या जुन्या मल्टिमीटरच्या किंवा स्पेक्ट्रम अॅनालायझरच्या मागच्या बाजूला २४ पिनांचा एक रुंद कनेक्टर हमखास दिसतो. केबलच्या टोकाला एका अंगाला पिना आणि दुसऱ्या अंगाला खाच असल्यामुळे हे कनेक्टर एकावर एक रचता येतात. त्याचे स्क्रू काळे असतील तर ते मेट्रिक आट्यांचे आणि चंदेरी असतील तर इंची आट्यांचे, हे जुने तंत्रज्ञ नवख्याला पहिल्याच दिवशी सांगून ठेवतात, कारण एका जातीचा स्क्रू दुसऱ्या जातीत जोर लावून फिरवला की आटे जातात. ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीने आपली उपकरणे एकमेकांना जोडण्यासाठी ही व्यवस्था तयार केली आणि तिला एचपी-आयबी असे नाव दिले. १९७५ मध्ये ती आयईईई ४८८ या नावाने प्रमाणित झाली आणि पुढे सर्वसाधारण बोलण्यात जीपीआयबी (जनरल पर्पज इंटरफेस बस) म्हणून रुळली.

लिनक्सवर जीपीआयबी चालत नाही ही तक्रार आजही ऐकू येते. तिच्या मुळाशी जायचे तर एक विसंगती आधी लक्षात घ्यावी लागते. गेल्या पन्नास वर्षांत ही बस, म्हणजे उपकरणांना जोडणाऱ्या समाईक तारांची व्यवस्था, फारशी बदललेली नाही. आठ तारा डेटाच्या, पाच व्यवस्थापनाच्या आणि तीन हातमिळवणीच्या (बाइट पोहोचल्याची खात्री करणाऱ्या), एका बसवर जास्तीत जास्त १५ उपकरणे आणि एकूण केबल २० मीटरपर्यंत, हे नियम तसेच आहेत. १९८७ मध्ये मानकाचे दोन भाग झाले आणि १९९० मध्ये एससीपीआय ही आज्ञांची समान भाषा आली, तरी तारांवरचा मूळ व्यवहार कायम राहिला. बदलत राहिले ते संगणक आणि त्यांहूनही अधिक कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा. त्यामुळे ड्रायव्हरचे, म्हणजे कर्नलला उपकरणाशी बोलू देणाऱ्या प्रोग्रामचे, बरेचसे दोष बसपेक्षा त्या बदलांच्या तारखांशी अधिक निगडित आहेत.

बर्लिनच्या फ्री युनिव्हर्सिटीत १९९० च्या दशकात ‘लिनक्स लॅब प्रोजेक्ट’ नावाचा उपक्रम चालू होता आणि त्यातून क्लाउस श्रोटर यांनी लिहिलेला जीपीआयबीचा ड्रायव्हर पुढे आला. त्या काळातल्या कार्डांवर एनईसीची ७२१० किंवा टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची ९९१४ यांसारखी नियंत्रक चिप असे. आयएसए या जुन्या पद्धतीच्या खाचेत बसणाऱ्या कार्डाचा पत्ता आणि इंटरप्ट (प्रोसेसरचे लक्ष वेधणारा संकेत) क्रमांक जंपर (पिना जोडणारी छोटी टोपी) व स्विच लावून ठरवायचा आणि तोच आकडा ड्रायव्हरलाही सांगायचा, अशी रीत होती. दोन्हींत तफावत पडली की कार्ड असूनही नसल्यासारखे वागे. ही चूक निदान स्क्रूड्रायव्हर हातात घेऊन शोधता येत असे. २००० नंतर फ्रँक मोरी हेस यांनी या संचाची देखभाल हाती घेतली आणि ‘लिनक्स-जीपीआयबी’ हा संच अनेक कार्डांसाठी विस्तारला. मात्र तो मुख्य कर्नलमध्ये गेला नाही. वेगळा उतरवून घ्यायचा आणि आपल्या कर्नलसाठी संकलित (कंपाइल) करायचा, असाच राहिला.

या एका निर्णयाचे परिणाम पुढची दोन दशके भोगावे लागले. लिनक्सच्या कर्नलमधला अंतर्गत इंटरफेस स्थिर ठेवण्याची हमी कोणी देत नाही, हे कर्नलकर्त्यांचे जाहीर धोरण आहे. कर्नलच्या आत असलेल्या ड्रायव्हरमध्ये इंटरफेस बदलणाराच दुरुस्ती करून देतो. बाहेरच्या ड्रायव्हरची दुरुस्ती ज्याची त्याने करायची. २०१० मध्ये २.६.३६ आवृत्तीत ड्रायव्हरला आज्ञा देण्याचा जुना आयओसीटीएल प्रवेशमार्ग काढून टाकला गेला, ४.१५ मध्ये टायमर तयार करण्याची जुनी पद्धत गेली, ५.० मध्ये वापरकर्त्याची मेमरी तपासणाऱ्या एका फलनाचा एक आर्ग्युमेंट कमी झाला आणि ६.४ मध्ये उपकरणांचा वर्ग नोंदवणाऱ्या फलनाचेही तसेच झाले. प्रत्येक वेळी बाहेरची जुनी मॉड्यूल, म्हणजे कर्नलमध्ये चढवायचे ड्रायव्हरचे भाग, संकलित होईनाशी झाली. प्रयोगशाळेतल्या माणसाला मात्र एवढेच दिसे की काल चालणारा प्रयोग आज अद्ययावतीकरणानंतर बंद पडला आहे. ‘मॉड्यूलचे स्वरूप अवैध’ असा संदेश आला, तर मॉड्यूल एका कर्नलसाठी बांधलेले आणि संगणक दुसऱ्याच कर्नलवर सुरू झालेला, इतकाच त्याचा अर्थ असतो.

३.७ आवृत्तीपासून मॉड्यूलवर स्वाक्षरी असण्याची सोय आली आणि सिक्युअर बूट (फक्त स्वाक्षरी केलेले सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सोय) असलेले संगणक सर्रास झाले, तेव्हा यात आणखी एक अडथळा वाढला. घरी बांधलेले, स्वाक्षरी नसलेले मॉड्यूल अशा यंत्रावर कर्नल नाकारतो. मॉड्यूल नीट बांधलेले असूनही चढत नाही, त्यामुळे माणूस भलतीकडेच शोध घेत बसतो.

यूएसबी आल्यावर जंपर गेले, पण त्यांच्या जागी फर्मवेअर, म्हणजे उपकरणाच्या आत चालणारा प्रोग्राम, आले. एजिलेंटच्या ८२३५७बी या अॅडाप्टरचे उदाहरण पाहावे. तो जोडताच कर्नलला ०९५७:०५१८ या ओळखीने दिसतो. त्यात फर्मवेअर भरल्यावर तो बसवरून नाहीसा होऊन ०९५७:०७१८ या नव्या ओळखीने परत येतो, आणि ड्रायव्हर याच दुसऱ्या ओळखीची वाट पाहत असतो. फर्मवेअरची फाइल नसेल किंवा ती भरणारा युडेव्हचा (उपकरण जोडताच काय करायचे ते ठरवणाऱ्या लिनक्सच्या सेवेचा) नियम नसेल, तर अॅडाप्टर पहिल्याच ओळखीवर अडकून राहतो. म्हणून यूएसबीच्या यादीतले हे शेवटचे चार आकडे वाचणे ही शोधाची पहिली पायरी ठरते. ड्रायव्हर पुन्हा बसवणे त्यानंतरचे.

दरम्यान, नव्या उपकरणांवर यूएसबीटीएमसी हा यूएसबीवरच्या मोजमाप-उपकरणांचा वर्ग आला. त्याचा ड्रायव्हर आधीपासूनच मुख्य कर्नलमध्ये आहे, त्यामुळे तिथे वाद बहुधा फक्त परवानग्यांचा उरतो.

आता बसकडे पुन्हा एकदा वळले पाहिजे, कारण सगळाच दोष कर्नलच्या माथी मारणे योग्य नाही. तीन तारांच्या हातमिळवणीत ऐकणारे सर्वांत संथ उपकरण ‘घेतले’ म्हणेपर्यंत पुढचा बाइट जात नाही. एका प्रयोगशाळेत मी दोन दिवस ड्रायव्हर पुन्हापुन्हा बांधत होतो. प्रत्येक वेळी वाचन कालमर्यादा उलटून थांबे. शेवटी कळले की साखळीत मधोमध जोडलेला एक जुना वीजपुरवठा बंद ठेवलेला होता आणि तोच तारा खाली ओढून धरत होता. त्याची केबल काढताच सगळे सुरळीत झाले. साखळीतली बहुतेक उपकरणे चालू असावीत हा जुना दंडक मला ठाऊक होता, पण लिनक्स समोर असला की संशय आधी ड्रायव्हरवरच जातो.

बाहेर राहिलेल्या संचाचा हा प्रवास २०२५ च्या जानेवारीत ६.१३ आवृत्तीने वळवला. त्या आवृत्तीत जीपीआयबीचे ड्रायव्हर कर्नलच्या ‘स्टेजिंग’ या, अजून पुरते तयार नसलेल्या ड्रायव्हरांच्या विभागात दाखल झाले. याच वाटेने आधी कोमेडी हा डेटा-संकलन कार्डांचा संच गेला होता. तो २००९ मध्ये स्टेजिंगमध्ये आला आणि बाहेर पडून मुख्य ठिकाणी बसायला ५.१३ उजाडले, म्हणजे बारा वर्षे लागली.

प्रवेश मिळाल्याने तक्रारी संपल्या नाहीत, फक्त त्यांचे रूप पालटले. बस कॉन्फिगर करणारा प्रोग्राम आणि वापरकर्त्याची लायब्ररी अजूनही वेगळीच येते, आणि वितरणाने (उबुंटू, डेबियन यांसारख्या तयार लिनक्सने) कर्नल बांधताना हा पर्याय चालू केलेला असेलच असे नाही. ज्या यंत्रावर जुना संच डीकेएमएसमार्फत (कर्नल बदलला की बाहेरची मॉड्यूल आपोआप पुन्हा बांधणाऱ्या साधनामार्फत) आधीच बसवलेला आहे, तिथे एकाच नावाची दोन मॉड्यूल नांदतात आणि बहुतेक वितरणांत ‘अपडेट्स’ फोल्डरमधल्या मॉड्यूलला प्राधान्य मिळते. अशा वेळी कोणते मॉड्यूल चढले आहे हे त्याच्या नावावरून कळत नाही, फाइलच्या मार्गावरून कळते.