गाडी बसली तर स्प्रिंग, डुलली तर शॉकअप

"गाडी मागून बसली आहे, चार माणसं चढली की गतिरोधकावर पोट घासतं," असं कोणी म्हटलं की ठरलेलं उत्तर येतं: शॉकअप गेले, बदलून टाक. मालक बिचारा दोन नवे शॉकअप आणतो, रविवारचा दिवस घालवून घरीच बसवतो, जॅक उतरवतो, आणि गाडी होती तेवढीच बसलेली राहते. मग दुकानदाराने डुप्लिकेट माल दिला अशी शंका येते. माल बहुतेक वेळा अस्सलच असतो. गाडी उचलून धरणं हे शॉकअपचं कामच नाही, ते स्प्रिंगचं. वर्षानुवर्षं हाच घोळ चालू आहे आणि त्यात लोकांचे कष्टाचे पैसे जातात, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

स्प्रिंगबद्दल फार सांगायला नको. ट्रकचे पाटे सगळ्यांनी पाहिले आहेत. ऑम्नीला मागे पाटेच होते, पहिल्या मारुती ८०० लाही. पद्मिनीला पुढे कॉइल, म्हणजे वेटोळ्याची स्प्रिंग, आणि मागे पाटे; ॲम्बेसेडरला मागे पाटे आणि पुढे टॉर्शन बार, म्हणजे पीळ सोसणारी लोखंडी सळई. ऑल्टो, सँट्रो, स्विफ्ट यांना पुढेमागे कॉइल. रूप कुठलंही असो, वजन पेलायचं, भार आला की दबायचं आणि गेला की परत यायचं, एवढंच काम.

घोळ होतो तो शॉकअपबाबत. त्याच्या आत तेल असतं, पिस्टन असतो आणि पिस्टनला बारीक झडपा असतात. चाक वरखाली झालं की पिस्टन सरकतो आणि तेलाला त्या अरुंद वाटेतून जावं लागतं. त्या ओढाताणीत हालचालीचा जोर जिरतो आणि त्याची उष्णता होते. खराब रस्त्यावरून बराच वेळ गाडी चालवून आलात की शॉकअपच्या नळीला हात लावून पाहा, चांगला असेल तर ती चक्क गरम लागते. ऑफिसच्या दाराला वर जो क्लोजर असतो त्यातही हेच आहे: दार ओढून घेते ती आतली स्प्रिंग, आणि ते धाडकन न आपटता सावकाश येतं ते तेलामुळे.

आता खरी मेख. स्प्रिंगचा जोर ती किती दबली आहे यावर ठरतो. शॉकअपचा जोर तो किती वेगाने हलतो आहे यावर ठरतो. वेग शून्य तर त्याचा जोरही शून्य. म्हणजे गाडी जागेवर उभी असताना शॉकअप जवळजवळ काहीच करत नसतो, सगळा भार स्प्रिंगवर असतो. यावरून तपासणीचा सरळ नियम निघतो: जो दोष उभ्या गाडीत दिसतो तो स्प्रिंगचा, जो फक्त चालत्या गाडीत जाणवतो तो बहुधा शॉकअपचा.

यावर हमखास आक्षेप येतो तो गॅसवाल्या शॉकअपचा. दाबून सोडला की त्याची दांडी आपोआप बाहेर येते, मग तो उचलतो म्हणायचं नाही का? पण तो दाबला कोणी? तुम्हीच, हाताने. रिकाम्या ऑल्टोचं वजन सातशे किलोच्या आसपास, त्यातलं पुढच्या एकेका चाकावर येतं दोनशेच्या घरात. हाताने दबणारी वस्तू दोनशे किलो पेलणार नाही. आतला गॅस तेलाला फेस येऊ नये म्हणून भरलेला असतो.

तेव्हा खर्च करण्याआधी मेजरिंग टेप घ्या. सपाट जागा, गाडी रिकामी, हँडब्रेक सोडलेला, आणि गाडी थोडी पुढेमागे ढकलून स्थिरावलेली. चाकाच्या मध्यबिंदूपासून वर मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर चारही ठिकाणी मोजा. जमिनीपासून मोजू नका, टायरमधली हवा कमीजास्त असली की तो आकडा फसवा येतो. एकाच एक्सलच्या डाव्या-उजव्या बाजूत सेंटीमीटरभर किंवा जास्त फरक असेल तर जी बाजू खाली बसली आहे तिची स्प्रिंग थकली आहे किंवा तुटली आहे. कॉइल बहुधा अगदी खालच्या वेढ्यात तुटते, जिथे माती आणि पाणी साचून गंज धरतो, आणि तुकडा बैठकीतच अडकून राहिला तर चाक काढल्याशिवाय दिसतही नाही. मागच्या दोन्ही बाजू सारख्याच बसल्या असतील तर त्याच मॉडेलच्या चांगल्या गाडीशी ताडून पाहा. बाहेरून सीएनजी किट बसवलेल्या जुन्या गाड्यांची ही नेहमीची कहाणी आहे. डिकीत पन्नास-साठ किलोची टाकी कायमची येऊन बसते आणि स्प्रिंग मात्र पेट्रोल मॉडेलचीच राहते. तिथे शॉकअप कितीही बदला, उंची तीच राहणार.

शॉकअप गेल्याच्या खुणा निराळ्या. खड्डा ओलांडल्यावर गाडी एकदा दबून थांबत नाही, दोनतीनदा डुलते. ब्रेक मारला की नाक खाली घालते. पुलाच्या सांध्यांवरून वेगात जाताना तरंगल्यासारखी वाटते. टायर एकसारखा न झिजता त्यावर उंचसखल चट्टे पडतात. नळीवर तेल ओघळून धुळीचा काळा चिकट थर जमला असेल तर शॉकअप संपला. नुसती पुसटशी ओल असेल तर घाबरू नका. बॉनेटचा कोपरा दाबून सोडायची परीक्षा सगळे करतात, पण तिच्यात पूर्ण मेलेला शॉकअपच सापडतो. अर्धवट गेलेला तिच्यात आरामात पास होतो.

दोन्हींची लक्षणं खरोखर मिसळतात ती एकाच ठिकाणी: खड्ड्यात "धाड" असा आवाज येतो आणि सस्पेन्शन बंप स्टॉपवर, म्हणजे शेवटी अडवणाऱ्या रबरी ठोकळ्यावर, आपटतं. स्प्रिंग बसल्यामुळे अंतर उरलं नसेल तरी असं होतं, आणि शॉकअप हालचाल अडवत नसेल तरीही. इथे टेपच न्यायनिवाडा करते. उंची बरोबर असेल तर शॉकअप पाहा, कमी असेल तर आधी स्प्रिंग. बारीक "खडखड" किंवा "टकटक" मात्र या दोघांपैकी बहुधा कुणाचीच नसते. लिंक रॉड, लोअर आर्मचा बुश (सांध्यातली रबरी पुंगळी), बॉल जॉइंट आणि वरचं माउंटिंग (बॉडीला जोडणारी बैठक) हे सांधे आधी हलवून बघा, शॉकअपवर आळ नंतर घ्या.

घोळाचं मूळ दिसण्यात आहे. मोटारसायकलला मागे शॉकअपभोवतीच स्प्रिंग गुंडाळलेली असते, आणि बहुतेक छोट्या गाड्यांच्या पुढच्या चाकाच्या उभ्या खांबात, म्हणजे स्ट्रटमध्येही, दोन्ही एकाच जोडणीत असतात. म्हणून सगळ्या जोडणीलाच शॉकअप म्हटलं जातं. दुकानात "पुढचा शॉकअप" मागितला की मिळतो बिनस्प्रिंगचा, आणि जुनी स्प्रिंग त्यावर चढवायची आहे हे घरी आल्यावर कळतं.

घरी काम करणाऱ्यासाठी हा फरक हातपाय शाबूत राहण्याचाही आहे. या गाड्यांत मागे स्प्रिंग आणि शॉकअप बहुधा वेगवेगळे असतात, त्यामुळे मागचे शॉकअप घरी बदलणं शक्य आहे. पुढच्या चाकांना ठोकळे लावा, बॉडी जॅक स्टँडवर घ्या, आणि एक जॅक एक्सलखाली ठेवून तो जेमतेम पेलून धरा. हे विसरू नका, कारण लटकलेला एक्सल ठरावीक मर्यादेखाली जाऊ न देणारा शॉकअपच असतो. जॅक न लावता बोल्ट काढलात तर एक्सल खाली जातो, स्प्रिंग बैठकीतून निसटते आणि ब्रेकच्या रबरी पाइपवर ताण येतो. एक बाजू पूर्ण करून मगच दुसरीला हात लावा. नवा शॉकअप उभा धरून तीनचार वेळा पूर्ण आतबाहेर करा, आडवं पडून आत शिरलेली हवा निघून जाते.

पुढचं काम निराळं. स्ट्रटमधली स्प्रिंग चाक हवेत असतानाही दबलेलीच असते, आणि तिला अडवून ठेवणारा असतो वरच्या माउंटिंगच्या मधोमध असलेला नट. स्प्रिंग कॉम्प्रेसर, म्हणजे स्प्रिंग दाबून धरणारं हत्यार, लावल्याशिवाय तो सोडला तर माउंटिंग गोळीसारखं उडतं. दोरी किंवा साखळीने स्प्रिंग बांधून हे करणारे लोक आहेत, आणि ते पाहून माझा जीव खालीवर होतो. माझं मत पक्कं आहे: वर्कशॉप मॅन्युअल पाहून पूर्ण स्ट्रट घरी उतरवा, स्प्रिंगची अदलाबदल प्रेस असलेल्या गॅरेजमध्ये करून घ्या, आणि परत आणून बसवा.

नट फिरवताना शॉकअपची दांडी पकडीने कधीही धरू नका, एक चरा पडला की तो सील कापत राहतो. भोक पाडून तेल भरलेले "रिकंडिशन" शॉकअप घेऊ नका. बसलेल्या स्प्रिंगच्या वेढ्यांमध्ये रबरी बफर कोंबणंही मला मान्य नाही, त्याने उंची वाढते पण तेवढे वेढे काम करेनासे होतात. आणि जे बदलाल ते त्या एक्सलवर जोडीनेच बदला.

रबरी बुशमधून जाणारे बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडी चाकांवर उभी केल्यावर. हवेत आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. पुढचा स्ट्रट काढला असेल तर अलाइनमेंट करून घ्याच. मागे फक्त शॉकअप बदलले असतील तर त्याची गरज नाही, कोणी करायला सांगितलं तर नको म्हणा.