शटर खाली, राउटर चालू

रात्री गुजरीतल्या, म्हणजे सराफ बाजारातल्या, पेढ्यांची शटर खाली येतात, कुलूप दोनदा ओढून बघितलं जातं. आत वायफायचा राउटर मात्र चालूच असतो आणि सेकंदाला साधारण दहा वेळा स्वतःच्या नावाचा पुकारा करत राहतो. या पुकाऱ्याला ‘बीकन’ म्हणतात. त्यात वायफायच्या कुलपाचा, म्हणजे सुरक्षेच्या पद्धतीचा, प्रकारही असतो: खुलं (पासवर्डच नाही), वेप, डब्ल्यूपीए२ की डब्ल्यूपीए३. गाडीवरून हळू जाणाऱ्या माणसाच्या खिशातला मोबाईल हे सारं टिपू शकतो. अशा फेरीला ‘वॉरड्रायव्हिंग’ हे नाव पडलंय.

त्यातून काय होऊ शकतं? २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत स्फोट झाले. त्याच्या काही मिनिटं आधी धमकीचा ई-मेल आला. पोलिसांचा माग पोचला नवी मुंबईतल्या एका घरी, कारण मेल त्या घराच्या वायफायवरून दुसऱ्याच कुणी पाठवला होता.

वेप हे १९९७ सालचं कुलूप २००१ मध्येच फुटलं. आता ते उघडायला काही मिनिटं पुरतात. डब्ल्यूपीए२ चांगलं, पण त्याची ताकद पासवर्डाएवढीच. मोबाईल राउटरला जोडला जाताना दोघांत जी देवाणघेवाण होते ती बाहेरून पकडता येते. मग चोर घरी बसून अंदाज लावत बसतो, दुकानासमोर थांबायची गरजच नाही. आपल्याकडे पासवर्ड म्हणून सर्रास मोबाईल नंबर ठेवतात, याची मला खरी काळजी वाटते. सहा ते नऊ आकड्यांनी सुरू होणारे दहा अंकी नंबर होतात ४०० कोटी. चांगल्या ग्राफिक्स कार्डाला ते तपासायला फार तर काही तास लागतात. आणि तो नंबर दुकानाच्या पाटीवरच रंगवलेला असेल, तर एकच अंदाज पुरतो.

बटण दाबून किंवा पिन टाकून झटपट जोडणी करण्याची राउटरमधली सोय म्हणजे डब्ल्यूपीएस. तिचा पिन आठ अंकी असला तरी तो चार-चार अंकांच्या दोन तुकड्यांत तपासला जातो. शेवटचा अंक तर आधीच्या सातांवरून ठरतो. म्हणून जास्तीत जास्त १०,००० अधिक १,०००, म्हणजे ११,००० प्रयत्न. ही सोय बंदच करा.

एकदा वायफाय अ‍ॅनालायझर अ‍ॅप उघडून आपल्याच इमारतीभोवती चालून या. सिग्नल कुठल्या गल्लीपर्यंत जातो ते कळेल. खुलं किंवा वेप दिसलं, तर सेटिंग बदला. एकच राउटर दोन बँडवर (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ) चालत असेल, तर आपलं नाव दोनदा दिसू शकतं. तसं नसताना दोनदा दिसलं आणि दुसरा राउटर आपण बसवलेला नसेल, तर ते कुणी लावलेलं बनावट नेटवर्क असू शकतं. शेजाऱ्याचं उघडं दिसलं, तर त्यांना जाऊन सांगा. परवानगीशिवाय आत शिरलात, तर माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली कारवाई होऊ शकते.

पासवर्ड एकमेकांशी संबंध नसलेल्या चार-पाच शब्दांचा ठेवा. गिऱ्हाइकांना ‘गेस्ट’, म्हणजे पाहुण्यांसाठीचं वेगळं, नेटवर्क द्या, हिशेबाचा कॉम्प्युटर आणि सीसीटीव्ही त्यापासून वेगळे.