बेबल लावलंय, तरी जुन्या आयफोनवर पान कोरं का?

“बेबल लावलंय की! मग जुन्या सफारीत का फुटतंय?”

बेबल म्हणजे नवी जावास्क्रिप्ट (वेबपानं चालवणारी भाषा) जुन्या ब्राउझरांसाठी बदलून देणारं साधन. हा प्रश्न विचारणारा दर वेळी नवशिका असतो असं नाही. पाच-सात वर्षं फ्रंटएंड, म्हणजे वेबपानाचा दिसणारा भाग, करणारी माणसंही विचारतात. त्यावर शेजारच्या टेबलावरून येणारं उत्तर ठरलेलं असतं: “अरे, पॉलिफिल टाक ना एखादं.” कुठलं? कशासाठी? एरर काय आलाय, ते तरी बघितलंस का? काही नाही. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. मग पॅकेज फाइलीत चार नव्या ओळी वाढतात, बंडल, म्हणजे सगळ्या स्क्रिप्ट एकत्र केलेली फाइल, फुगतं आणि पान कोरं ते कोरंच.

बेबल हा ट्रान्सपायलर. त्यावर फार वेळ घालवत नाही. नव्या व्याकरणातली जावास्क्रिप्ट घ्यायची आणि जुन्या व्याकरणात लिहून द्यायची. बेबल २०१४ साली आलं तेव्हा त्याचं नावच ‘सिक्स टू फाइव्ह’ होतं, म्हणजे ईएस सहाचं ईएस पाच करून देणारं (ईएस म्हणजे जावास्क्रिप्टच्या व्याकरणाची आवृत्ती). २०१५ मध्ये त्याचं बेबल झालं. नाव भारदस्त झालं, काम तेच राहिलं: लिहिण्याची पद्धत बदलून देणं.

‘पॉलिफिल’ हा शब्द रेमी शार्प या ब्रिटिश डेव्हलपरने काढला. तिकडे भिंतीची भोकं बुजवायला पॉलिफिला नावाची पुट्टी मिळते, तिच्यावरून. ब्राउझरमध्ये एखादं फंक्शन नसेल, तर त्याच नावाचं आणि तसंच वागणारं फंक्शन आपण जावास्क्रिप्टमध्ये लिहून तिथे बसवायचं. पुट्टी भरायला आधी भिंत उभी असावी लागते, हे मात्र लक्षात ठेवा.

आता खरी मेख.

समजा, एका कचेरीतल्या कारकुनाला फक्त बाळबोध वाचता येतं. त्याची रीत अशी, की आलेलं पत्र आधी शेवटपर्यंत वाचायचं आणि मगच कामाला हात लावायचा. पत्रातला एक शब्द जरी मोडीत असला तरी तो अख्खं पत्र परत पाठवतो. पहिल्या ओळीत साध्या बाळबोधात ‘दार उघड’ लिहिलेलं असलं तरी दार उघडत नाही. त्या मोडीचं बाळबोध करून देणारा माणूस म्हणजे ट्रान्सपायलर.

दुसरं पत्र पूर्ण बाळबोधात आहे: दार उघड, खुर्च्या मांड, पायलीने तांदूळ मोजून दे. कारकून दार उघडतो, खुर्च्या मांडतो आणि तिसऱ्या कामाला अडतो, कारण कचेरीत पायलीच नाही. ती आणून ठेवणारा माणूस म्हणजे पॉलिफिल. लिप्यंतर करणाऱ्याने कितीही सुरेख अक्षर काढलं तरी कोठारात पायली येत नाही. आणि शंभर पायल्या आणून ठेवल्या तरी मोडी वाचता येत नाही.

ब्राउझर अगदी या कारकुनासारखा आहे. स्क्रिप्टची फाइल आली की आधी ती पूर्ण वाचतो, म्हणजे पार्स करतो. व्याकरण कळलं नाही तर सिंटॅक्सएरर, आणि त्या फाइलमधली एकही ओळ चालत नाही. तुम्ही घातलेला ट्राय-कॅच, म्हणजे एरर झेलणारा कोड, त्याच फाइलमध्ये असतो, त्यामुळे तोही चालत नाही. ‘हे फीचर असेल तरच वापर’ असा इफ लिहिलात, तर तोही त्याच परत गेलेल्या पत्रात आहे. फंक्शन नसलं तर मात्र पत्र वाचून झालेलं असतं. काम सुरू होतं, त्या ओळीवर येऊन टाइपएरर मिळतो, ‘इज नॉट अ फंक्शन’, आणि तोवरचं सगळं झालेलं असतं.

म्हणून मी लक्षण आधी विचारतो. पान पूर्ण कोरं आहे, की अर्धं चालून बटणावर अडतंय? एवढ्या एका उत्तरावरून निम्मं निदान होतं. पानावर दोन-तीन वेगळ्या स्क्रिप्ट असतील तर कोरेपणाही अर्धवट दिसतो, कारण प्रत्येक फाइल स्वतंत्र वाचली जाते. मेनू उघडतो आणि फॉर्म मेलेला असतो, असं चित्र दिसलं तर तेवढी एकच फाइल परत गेली असण्याची शक्यता मोठी.

एकाच फोनवर दोन्ही दुखणी बघायची असतील तर आयफोन ६ घ्या. तो आयओएस १२ वर थांबला. ऑप्शनल चेनिंग, म्हणजे प्रश्नचिन्ह आणि टिंब `?.`, आणि स्ट्रिंगचं, म्हणजे मजकुराचं, सगळीकडे शब्द बदलून देणारं फंक्शन ‘रिप्लेसऑल’ या दोन्ही गोष्टी ॲपलकडे सफारी १३.१ मध्ये, मार्च २०२० ला, एकदमच आल्या. आयफोनवर सफारी आयओएसबरोबरच येते, म्हणजे या फोनला दोन्ही नाहीत. पण `?.` हे व्याकरण आहे. बेबल त्याच्या जागी ‘नल नसेल तर’ अशी जुनी लांबलचक अट लिहून देतं आणि प्रश्न मिटतो. रिप्लेसऑलला बेबल स्वतःहून हात लावत नाही, आणि ते बरोबरच आहे. टिंब आणि पुढे एक नाव, एवढंच त्याला दिसतं. ते नाव स्ट्रिंगच्या फंक्शनचं, की तुम्हीच तुमच्या ऑब्जेक्टला दिलेल्या फंक्शनचं, हे त्याने कसं ओळखावं? तिथे कोअर-जेएससारखं पॉलिफिलच लागतं. बेबल ७ च्या प्रीसेट-एन्व्ह या तयार सेटिंगसंचात ‘युजबिल्टइन्स’ नावाची सेटिंग आहे. ती चालू केली की बेबल नावावरून अंदाज बांधून कोअर-जेएसचे तुकडे जोडतं. पण ती मुळात बंद असते. ‘बेबल लावलंय की’ म्हणणाऱ्या बहुतेकांनी ती कधी उघडून पाहिलेली नसते.

टाइपस्क्रिप्ट, म्हणजे टाइप तपासून घेणारी जावास्क्रिप्ट, वापरणाऱ्यांचा घोळ याहून चिवट, आणि इथे माझा जरा तोल जातो. तिच्या सेटिंगमध्ये ‘टार्गेट’ बदललं की व्याकरण बदलतं, इथवर ठीक. पण ‘लिब’मध्ये नवीन आवृत्ती लिहिली की फक्त टाइप तपासणारा गप्प होतो. ब्राउझरकडे काहीही जात नाही. लाल रेघ गेली म्हणजे फोनवर चालणार, असा समज करून घेणं म्हणजे पत्रिकेत लग्नाचा हॉल छापला म्हणून बुकिंग झालं असं धरून चालणं.

आता व्याकरण आणि फंक्शन या दोन्ही खणांच्या मधल्या फटीत अडकणारी गोष्ट सांगतो. मी स्वतः तिच्यात अडकलो होतो, आणि चूक माझीच होती.

एका पतसंस्थेसाठी ठेवींचा हिशोब दाखवणारं छोटं ॲप केलं होतं. लॉगिनचं पान, ठेवींची यादी आणि व्याज काढायचा फॉर्म. एका संचालकांचा फोन आला, “अहो, तुमचं ते पान कोरंच येतंय. मुलाच्या फोनवर दिसतं, माझ्यावर नाही.” त्यांच्याकडे मुलाने वापरून दिलेला आयफोन ७ होता. मी विचारलं, “साहेब, क्रोममधून बघता का?” बघितलं. तिथेही कोरं. मग मी सर्व्हरवर संशय घेतला आणि अर्धा दिवस घालवला.

हा अर्धा दिवस तुमचा तरी वाचावा. आयफोनवरचं क्रोम हे आतून क्रोम नसतं. ॲपलच्या नियमानुसार तिथल्या प्रत्येक ब्राउझरला वेबकिट, म्हणजे सफारीचंच इंजिन वापरावं लागतं. युरोपीय संघात आयओएस १७.४ पासून, मार्च २०२४ मध्ये, हा नियम सैल झाला. आपल्याकडे आहे तोच आहे. त्यामुळे ‘आयफोनवर क्रोममध्येही येतंय, म्हणजे सफारीचा प्रश्न नाही’ हा तर्क कुणी मांडला की मी चहाला उठतो.

माझ्या हाताशी मॅक नव्हता, त्यामुळे केबल लावून वेब इन्स्पेक्टर, म्हणजे फोनवरचे एरर दाखवणारी खिडकी, उघडायची सोय नव्हती. खऱ्या फोनवर दुरून तपासायला मुंबईत २०११ साली सुरू झालेल्या ब्राउझरस्टॅकसारख्या सेवा आहेत, पण त्या दिवशी मी साधाच उपाय केला. मुख्य बंडलच्या आधी, वेगळ्या स्क्रिप्ट टॅगमध्ये, जुन्यात जुन्या व्याकरणात पाच ओळी लिहिल्या: विंडोवर एरर आला की त्याचा मजकूर पानावरच छाप. वेगळा टॅग यासाठी, की ते वेगळं पत्र आहे. मुख्य पत्र परत गेलं तरी हे वाचलं जातं. (बंडल दुसऱ्या डोमेनवरून येत असेल आणि क्रॉसओरिजिनची व्यवस्था केलेली नसेल, तर नुसतं ‘स्क्रिप्ट एरर’ एवढंच मिळतं. तेव्हा तपासापुरती फाइल आपल्याच डोमेनवर ठेवा.) संचालकांनी व्हॉट्सॲपवर स्क्रीनशॉट पाठवला. कोऱ्या पानाच्या डोक्यावर एकच ओळ: सिंटॅक्सएरर, इनव्हॅलिड रेग्युलर एक्स्प्रेशन, इनव्हॅलिड ग्रुप स्पेसिफायर नेम.

ती रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे मजकुरातला नमुना शोधायचं सूत्र, होती लाखा-कोटीच्या पद्धतीने स्वल्पविराम टाकणारी. कुठूनतरी उचललेली, एका ओळीची, दिसायला देखणी. तिच्यात लुकबिहाइंड होतं, `(?<=` या चार चिन्हांनी सुरू होणारं. अर्थ: ज्याच्या मागे अमुक आहे तेवढंच पकड. ही सोय ईएस २०१८ मधली. क्रोम ६२ मध्ये २०१७ लाच आली, फायरफॉक्स ७८ मध्ये २०२० ला आणि सफारीत १६.४ मध्ये, म्हणजे मार्च २०२३ मध्ये. आयफोन ७ आयओएस १५ वरच थांबला आहे. आयफोनवर सफारी आयओएसबरोबरच येते, त्यामुळे त्या फोनला १६.४ कधीच मिळणार नाही. टेस्टिंग करणाऱ्याकडे जुना मॅक असेल तर तिथे फसगत होते, कारण मॅकवर सफारी मागच्या एक-दोन मॅकओएसनाही वेगळी मिळते. त्याच्याकडे सगळं सुरळीत दिसतं.

गंमत अशी, की लॉगिनच्या पानावर स्वल्पविराम लागतच नव्हता. ते फंक्शन तिथे कुणी बोलावतही नव्हतं. पण रेग्युलर एक्स्प्रेशन दोन तिरप्या रेघांमध्ये लिहिली की ती व्याकरणाचा भाग होते आणि फाइल वाचतानाच तपासली जाते. सगळं एकाच बंडलमध्ये होतं, म्हणून न लागणाऱ्या एका ओळीने लॉगिनही बुडवलं.

बेबल होतंच. त्याने का नाही सांभाळलं? कारण लुकबिहाइंड हे मोडीतलं असं अक्षर आहे, ज्याला बाळबोधात पर्यायच नाही. जुन्या रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये तेच काम करणारं सरळ रूपांतर नसल्यामुळे बेबल ते आहे तसं सोडून देतं. मग पॉलिफिल? पॉलिफिल चालायला फाइल आधी वाचली जायला हवी. आणि वाचली गेली तरी रेग्युलर एक्स्प्रेशनचं इंजिन ब्राउझरच्या पोटात असतं. तिथे बाहेरून पुट्टी भरता येत नाही.

ईएसबिल्ड हे बंडल बनवणारं साधन इथे एक हुशारी करतं, ती मला आवडते. टार्गेट जुनं सांगितलं तर दोन रेघांमधलं ते एक्स्प्रेशन उचलून ‘न्यू रेगएक्सप’च्या कंसात स्ट्रिंग म्हणून ठेवतं. दुखणं बरं होत नाही, पण जागा बदलते. फाइल पूर्ण वाचली जाते, लॉगिन चालतं, आणि एरर येतो तो प्रत्यक्ष ती ओळ चालते तेव्हा. तिथे तुमचा ट्राय-कॅच उपयोगी पडतो. वाचताना फुटणं आणि चालताना फुटणं यातला फरक याहून स्वच्छ दाखवणारं उदाहरण मला सापडलेलं नाही.

असिंक-अवेटमध्ये, म्हणजे उशिरा येणाऱ्या उत्तराची वाट बघायच्या व्याकरणात, दोन्ही दुखणी एकत्र येतात, त्याचं थोडक्यात. व्याकरण बेबल बदलतं, पण बदललेल्या कोडला एक मदतनीस लागतो आणि ब्राउझरमधलं प्रॉमिस नावाचं ऑब्जेक्टही लागतं. मदतनीस मिळाला नाही की ‘रीजनरेटररनटाइम इज नॉट डिफाइन्ड’. तो एरर दिसला तर बेबल नीट चाललंय, पायली आणायची राहिली आहे.

आणि पॉलिफिल कुणा तिसऱ्याच्या सर्व्हरवरून आयत्या वेळी आणू नका. पॉलिफिल डॉट आयओ हे डोमेन फेब्रुवारी २०२४ मध्ये विकलं गेलं. जून २०२४ मध्ये तिथून दूषित स्क्रिप्ट येत असल्याचं उघड झालं, आणि लाखाहून अधिक साइट्सवर ती एक ओळ होती. ज्यांनी ती सेवा मुळात सुरू केली, त्यांनीच फेब्रुवारीत ‘काढून टाका’ म्हणून सांगितलं होतं. कितीतरी पानांवर ती केवळ ‘असू दे, काही फुटायला नको’ म्हणून पडून होती, कारण ती नेमकं काय बुजवते हे बघायला कुणी गेलंच नव्हतं.

पतसंस्थेच्या ॲपात मी ती देखणी ओळ काढली आणि ब्राउझरमध्येच असलेलं, त्या त्या भाषेच्या पद्धतीने संख्या लिहून देणारं इंटल नंबरफॉरमॅट वापरलं. लाखाचे स्वल्पविराम त्याला मुळातच येतात. उत्साहात भाषा मराठी-भारत अशी दिली. आयफोन ७ वर लॉगिन उघडलं, रक्कम ‘१२,३४,५६७’ अशी देवनागरी अंकांत उमटली आणि संचालक खूश झाले. व्याजाच्या रकान्यात मात्र ‘नॅन’, म्हणजे ‘संख्या नाही’, असं आलं. फॉर्म त्या खोक्यातला मजकूर परत उचलून, स्वल्पविराम काढून त्याची संख्या करत होता, आणि जावास्क्रिप्टच्या लेखी देवनागरी अंक म्हणजे संख्या नव्हे. भाषा इंग्रजी-भारत केली. हा बग मात्र सगळ्या ब्राउझरांत अगदी सारखा होता.